‘पार्ट सकाय ई जाई’ म्हणणाऱ्या डीलरकडून ट्रॅक्टर घ्यावा का?

पत्र : नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले, तापीकाठचे. दोघा भावांत मिळून अकरा एकर. चार एकर केळी, बाकी कपाशी, रब्बीला हरभरा नि दादर ज्वारी. अठरा वर्षांचा जुना ट्रॅक्टर दसऱ्याला बदलायचा विचार आहे. घरचं काम झालं की भाड्यानंही चालवतो. दोन कंपन्यांवर येऊन अडलोय. पहिलीचं दुकान तालुक्याच्या गावी वडिलांच्या काळापासून आहे. शोरूम म्हणाल तर पत्र्याचं शेड, आणि मालक किमतीत एक पैसा सोडत नाही. दुसरीचं शोरूम काचेचं, दीड वर्षापूर्वी उघडलेलं. तो साठ हजार कमी घेतो, वर रोटाव्हेटर देतो, आणि 47 एचपीच्या भावात 55 एचपी देतो म्हणतो. भाऊ म्हणतो, हाच घ्यायचा. पण त्याच कंपनीचा ट्रॅक्टर मामांकडे आहे. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये क्लच गेला आणि प्रेशर प्लेटसाठी एकोणीस दिवस ट्रॅक्टर खळ्यात पडून राहिला. रोज फोन केला की एकच उत्तर, ‘पार्ट सकाय ई जाई’, म्हणजे उद्या येईल. मामांना बारा एकरावर दोन वेळा रोटाव्हेटर एकरी चौदाशेनं भाड्यानं मारून घ्यावा लागला. भाऊ म्हणतो, तो आधीचा डीलर होता, आता नवा आहे, आणि कंपनी एवढी मोठी आहे, ती कुठं पळून जाणार? काय करावं?
— एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, तुम्ही दोन्ही कंपन्यांची नावं लिहिली होती, ती मी छापताना काढली. इथं नावानं काही ठरत नाही. तीच कंपनी एका तालुक्यात सोन्यासारखी चालते आणि चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या तालुक्यात तिचा ट्रॅक्टर कोणी फुकट घेत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तुमच्या भावानं सहज बोलून टाकलंय : ‘तो आधीचा डीलर होता.’ मला पहिला प्रश्न हाच पडला की अशा ‘आधीच्या’ डीलरांची संख्या किती? दहा वर्षांत एखादा बदलला तर समजू शकतो. माणूस वारतो, भावाभावांत वाटणी होते, धंदा विकला जातो. पण तीन बदलले असतील तर चौथाही जाणार असं धरून चाला, काच कितीही चकचकीत असो. हे शोधायला शोरूममध्ये विचारू नका. तालुक्याच्या गावी टायरवाला, बॅटरीवाला आणि वेल्डिंगवाला, या तिघांना विचारा. त्यांची उधारी प्रत्येक डीलरकडे अडकलेली असते, त्यामुळे कोण कधी आला आणि कधी गेला हे त्यांना तोंडपाठ असतं.

आता त्या ‘सकाय’बद्दल. शेतीत परत येण्याआधी मी सतरा वर्षं एका ट्रॅक्टर डीलरच्या पार्टच्या काउंटरवर काढली. हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही. एक सकाळ मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. मृग लागलेला, रात्रभर पाऊस झालेला, काउंटरवर पंधरा-वीस माणसं. एक म्हातारबाबा युरियाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून जुनी प्रेशर प्लेट घेऊन आले होते. गोणीतून काळं ग्रीस त्यांच्या धोतरावर उतरलेलं. त्यांचा ट्रॅक्टर घरी दोन तुकड्यांत पडला होता. क्लच बदलायचा म्हणजे इंजिन एकीकडे आणि गिअरबॉक्स एकीकडे सोडवावा लागतो, मधे लाकडी ठोकळे आणि जॅक. एकदा सोडवला की तो ढकलून गोठ्यातही नेता येत नाही, जिथं आहे तिथं ताडपत्री टाकून ठेवायचा. मी फळीवर पाहिलं, खोका रिकामा. आणि ऑर्डर गेलेलीच नव्हती, कारण मालकाचं कंपनीकडचं खातं थकबाकीमुळे बंद पडलं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, “बाबा, सकाय ई जाई.” बाबा सलग आठ दिवस आले. नवव्या दिवशी आले नाहीत, त्यांनी जळगावहून कुठूनतरी लोकल प्लेट आणून बसवली. ती पुढच्याच हंगामात जळाली, हे मला नंतर त्यांच्या मिस्त्रीकडून कळलं.

हे सांगतोय ते पापक्षालनासाठी नाही. काउंटरच्या पलीकडे काय चाललेलं असतं ते कळलं, तर तुम्हाला डीलर ओळखता येईल. पार्ट न येण्याची कारणं तीन. एक, कंपनीच्या गोदामातच माल नाही. हे होतं, पण क्लच, फिल्टर, ऑइल सील, बेअरिंग अशा रोजच्या वस्तूंच्या बाबतीत क्वचित. दोन, डीलरनं ऑर्डर टाकलीच नाही. रोजच्या साठ्याची ऑर्डर महिन्यातून ठरल्या वेळी गेली तर डीलरला सूट मिळते, एकट्या तुमच्या प्लेटसाठी तातडीची ऑर्डर टाकली तर त्याला महाग पडते, म्हणून तो आणखी चार गिऱ्हाइकांची वाट बघतो. आणि तीन, डीलरचं खातं कंपनीनं अडवलेलं असतं. आधी पैसे भरा, मग माल. या तिन्ही वेळी तुम्हाला ऐकू येणारं वाक्य एकच.

म्हणून पार्ट अडला की तारीख विचारू नका, ऑर्डर नंबर विचारा. “ऑर्डर टाकली का” याला “हो” म्हणायला काही लागत नाही. “नंबर नि तारीख लिहून द्या, मी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर चेसिस नंबर सांगून चौकशी करतो” म्हणून बघा. खरी ऑर्डर गेली असेल तर माणूस संगणकावरून कागद काढून देतो. गेली नसेल तर तो चहा मागवतो.

मामांना त्या वेळी हे कोणी सांगितलं नाही. पण तुमच्या हातात वेळ आहे. ट्रॅक्टर दसऱ्याला घ्यायचा आहे आणि पेरण्या आत्ता तोंडावर आहेत. डीलरची परीक्षा घ्यायला याहून चांगले दिवस नाहीत. ऑक्टोबरमध्ये सगळ्यांचीच फळी भरलेली आणि सगळ्यांचीच जीभ गोड असते.

चांगला पाऊस झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, दोन्ही दुकानांत जा. शोरूमच्या दारानं नको, पार्टच्या काउंटरकडून. दुसऱ्या दुकानात मामांच्या मॉडेलचं निमित्त पुरेसं आहे, पहिल्यात ओळखीतल्या कुणाच्या मॉडेलचं सांगा. तीन वस्तू मागा : एक रोजची, म्हणजे डिझेल फिल्टर, एक हंगामी, म्हणजे क्लच प्लेट-प्रेशर प्लेटचा सेट, आणि एक अशी की जी वर्षा-दोन वर्षांत कोणीतरी एकच मागतो, समजा हायड्रॉलिक पंपाचं सील किट किंवा पुढच्या एक्सलची किंगपिन. पहिली सगळीकडे मिळेल. दुसरी जूनमध्ये फळीवर नसेल तर त्या डीलरला आपल्या भागातली शेती कळत नाही किंवा त्याच्याकडे पैसा नाही, काहीही असलं तरी तुमच्या कामाचा नाही. तिसरी नसली तरी चालेल, पण काउंटरवरचा पोरगा काय करतो ते बघा. पुस्तकात किंवा संगणकावर चित्र उघडून पार्ट नंबर काढतो, की “जुना घेऊन या, मग बघू” म्हणतो? नंबर काढता येणारा माणूस चार वर्षं तिथं टिकलाय, हे समजा. पार्टच्या काउंटरवरची माणसं सहा महिन्यांनी बदलत असतील तर मालक पगार वेळेवर देत नाही.

तसंच मागच्या वर्कशॉपमध्ये डोकवा. किती ट्रॅक्टर उभे आहेत हे बघू नका, किती दिवसांपासून उभे आहेत ते बघा. ज्याच्या बोनेटवर धुळीचा थर बसलाय आणि चाकाभोवती गवत उगवलंय, तो पार्टची वाट बघतोय. जमलं तर त्याच्या मालकाचं गाव विचारून घ्या आणि त्याला गाठा. अर्ध्या तासात सगळं कळेल.

डीलर बुडतो कसा, हे थोडं विस्तारानं सांगतो, कारण तुमच्या साठ हजारांचा संबंध तिथंच आहे. शोरूमसमोर रांगेत उभे असलेले ट्रॅक्टर डीलरच्या पैशाचे असतातच असं नाही, बरेचदा बँकेच्या पैशाचे असतात. प्रत्येकावर रोज व्याज चढतं. महिनाअखेर कंपनीचं टार्गेट. मग शेवटच्या आठवड्यात डीलर स्वतःच्या कमिशनमधून सूट द्यायला लागतो, रोटाव्हेटर फुकट देतो, डाऊन पेमेंटचे पन्नास हजार “कपाशी विकल्यावर द्या” म्हणतो. पाऊसपाणी नीट असलं, कपाशीला भाव मिळाला की हे चालून जातं. 2018 सारखा दुष्काळ आला की गावोगावची उधारी अडकते, बँक दारात येते आणि ज्याचा सगळा धंदा फक्त विक्रीवर उभा होता, तो आधी पार्टचा साठा कमी करतो, मग मेकॅनिक कमी करतो, आणि एके दिवशी बोर्ड उतरतो. उलट ज्याचं पार्ट नि वर्कशॉपचं उत्पन्न दुकानाचं भाडं, वीज आणि पगार भागवतं, तो एखादं वर्ष एकही ट्रॅक्टर न विकता काढतो. लोकांचे जुने ट्रॅक्टर तर चालूच असतात. दुष्काळातही फिल्टर लागतो.

म्हणून पत्र्याच्या शेडला नाकं मुरडू नका. तो मालक पैसा सोडत नाही याचा एक अर्थ असा की त्याला महिनाअखेरीची घाई नाही. अर्थात, जुना आहे म्हणून चांगलाच, असं मी म्हणत नाही. जुन्या दुकानाचा वेगळा धोका असतो. मालकाचं वय काय? त्याच्यानंतर गल्ल्यावर कोण? मुलगा काउंटरवर बसतो की पुण्याला कंपनीत नोकरीला आहे? आणि जागा स्वतःची आहे की भाड्याची? सत्तरीच्या मालकाचं दुकान, पुढं बघणारं कोणी नाही, अशी परिस्थिती असेल तर पाच वर्षांनी तुम्हीही ‘आधीचा डीलर’ म्हणत बसाल. हा प्रश्न तोंडावर विचारायला संकोच वाटतो हे खरं, पण आपल्याकडे लग्नकार्यात, दारावर, कुठंही हे सहज कळतं.

आता तुमच्या भावाचा दुसरा मुद्दा, ‘कंपनी मोठी आहे, ती कुठं पळून जाणार?’ कंपन्या पळून जात नाहीत, पण विकल्या जातात आणि बंदही होतात. आयशर ट्रॅक्टर 2005 मध्ये टाफेकडे गेला. पंजाब ट्रॅक्टर्स, म्हणजे आपला स्वराज, 2007 मध्ये महिंद्राकडे गेला. तरी त्याचं नाव नि त्याचे डीलर वेगळे राहिले, म्हणून शेतकऱ्याला फारसं जाणवलं नाही. एस्कॉर्ट्स 2022 मध्ये कुबोटाच्या ताब्यात गेली. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना सरकारनं 2016 मध्ये बंद करायचं ठरवलं. आणि पुण्याच्या फोर्सनं 2024 मध्ये ट्रॅक्टरचा धंदाच गुंडाळला.

गंमत बघा. एचएमटीची कंपनी मेली, पण तिचे ट्रॅक्टर अजून चालतात. कारण ते एवढ्या संख्येनं विकले गेले होते की लुधियाना, राजकोटच्या छोट्या कारखान्यांना त्यांचे पार्ट बनवणं परवडतं. गावातल्या मिस्त्रीलाही डोळे मिटून इंजिन खोलता येतं. आणि याच्या उलट, कंपनी धडधाकट आहे पण आपल्या भागात तिचं ते मॉडेल पाच-सातच आहे, तर त्याचा पार्ट कोण ठेवणार? डीलरही नाही आणि बाहेरचा दुकानदारही नाही. तेव्हा कंपनीच्या आकारापेक्षा हे मोजा : तुमच्या गावात आणि आजूबाजूच्या पाच गावांत नेमकं ते मॉडेल किती चालतंय. नुसती कंपनी धरू नका, मॉडेल धरा. संध्याकाळी पारावर बसून दोन चहांत ही गणती होते. पंचवीस निघाले तर डीलर उद्या बोर्ड उतरवून गेला तरी तुमचं अडणार नाही, कारण बाजारातला कोणीतरी त्याचा माल ठेवेलच. तीन निघाले तर तुम्ही त्या डीलरच्या तब्येतीवर अवलंबून.

या हिशेबात 55 एचपी मला जास्तच खटकतो. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागू झाले, ट्रेम-4 म्हणतात त्याला. त्यामुळे या ताकदीच्या नव्या ट्रॅक्टरमध्ये कॉमन रेल इंजिन येतं. इंजेक्टरवर इलेक्ट्रॉनिक ताबा, सेन्सर, वायरिंग, एक छोटा संगणक. इंजिन चांगलं असतं, धूर कमी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दिवा लागला आणि ट्रॅक्टर बंद पडला तर तुमच्या गावचा मिस्त्री नोझल खोलून काही करू शकत नाही. लॅपटॉप जोडून दोष वाचावा लागतो आणि तो लॅपटॉप डीलरकडे असतो. डीलर गेला तर लॅपटॉप गेला. शिवाय केळीच्या मळ्यात ड्रममध्ये भरून ठेवलेलं, तळाशी पाणी बसलेलं डिझेल जुना पंप कुरकुरत का होईना पिऊन टाकतो. कॉमन रेलला ते सोसत नाही. 50 च्या आतल्या ट्रॅक्टरमध्ये अजून बहुतेक ठिकाणी साधा डिझेल पंप आहे, तो आपल्याकडचे पंपवाले दुरुस्त करतात. अकरा एकराला आणि थोड्या भाड्याला 47 एचपी पुरेसा आहे, सहा फुटी रोटाव्हेटर तो आरामात ओढतो. म्हणजे ज्या दुकानावर भरवसा ठेवायचा की नाही हेच ठरत नाहीये, त्याच दुकानावर जास्तीत जास्त अवलंबून राहावं लागेल असा ट्रॅक्टर तुम्हाला ‘स्वस्तात’ मिळतोय.

आणि 47 च्या भावात 55 मिळतोय तो का, हेही बघा. ट्रॅक्टर आवारात किती दिवस उभा आहे? उत्पादनाचा महिना-वर्ष विचारा, कागदावर बघा. नाही दाखवला तर वाकून टायर बघा. टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत असतात. 1524 असेल तर तो टायर 2024 च्या पंधराव्या आठवड्यात बनला. आपल्या मेच्या उन्हात एक-दोन उन्हाळे उघड्यावर काढलेल्या ट्रॅक्टरचे रबरी पाइप, सील आणि बॅटरी नवी राहिलेली नसते. आणखी एक : 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. दोन्हीकडून छापील कोटेशन घ्या आणि मूळ किंमत, जीएसटी, विमा, पासिंग हे वेगवेगळं लिहून मागा. सरकारनं सोडलेला कर कोणी स्वतःची सूट म्हणून तर दाखवत नाही ना, हे एका नजरेत कळेल.

मामांचाच हिशेब घ्या. बारा एकर, दोन पाळ्या, एकरी चौदाशे : 33 हजार 600 रुपये. साठ हजारांतले निम्म्याहून जास्त एका क्लचमध्ये गेले, आणि यात क्लचचा खर्च नाही, की त्या एकोणीस दिवसांत मामांची स्वतःची भाड्याची जी कामं बुडाली तीही नाहीत. तुम्ही भाड्यानं चालवणार आहात. पेरणीच्या पंधरा दिवसांत गिऱ्हाईक एकदा दुसऱ्याकडे गेलं की पुढच्या वर्षी तो परत येतोच असं नाही.

जुन्या दुकानदाराशी किमतीवर हुज्जत घालू नका, तो सोडणार नाही. दुसरं मागा. पहिली सर्व्हिस 50 तासांना, पुढे साधारण दर 250 तासांना असते. पहिल्या दोन वर्षांची मजुरी, फिल्टर आणि ऑइल त्याच्याकडून घालून घ्या. मेकॅनिक वावरात येण्याचं भाडं माफ करायला सांगा. हे त्याला रोख सुटीपेक्षा सोपं जातं, कारण माल घरचा नि माणूसही घरचाच. आणि ते बिलावर लिहून घ्या.

मेकॅनिकवरून आठवलं. डीलरपेक्षाही तुमचं खरं नातं एका माणसाशी असणार आहे, तो रात्री आठ वाजता मोटारसायकलवर पान्यांची पिशवी घेऊन येणारा. त्याचं नाव विचारा, तो किती वर्षं तिथं आहे विचारा, आणि त्यानं दुकान सोडलं तर तो कुठं असेल याचा अंदाज घ्या. चांगला मेकॅनिक आपल्याच तालुक्यातला असतो, डीलर बदलला तरी तो समोरच्या गल्लीत स्वतःचं गॅरेज टाकतो. परगावहून आलेला पोरगा डीलरबरोबर निघून जातो.

एवढं सगळं करूनही भाऊ दुसऱ्याच दुकानावर अडून बसला, तर तेही समजू शकतो. घरात शांतता हवी. आणि परीक्षेत तो नवा डीलर पासही होऊ शकतो, मी त्याला पाहिलेलं नाही. तेव्हा घ्यायचाच झाला तर 47 चा घ्या आणि काही गोष्टी पक्क्या करा. त्याच कंपनीचा दुसरा डीलर शिरपूरला, किंवा तापी ओलांडून अमळनेरला नाहीतर जळगावला आहे का, आणि तो तुमचा ट्रॅक्टर हातात घेईल का, हे आधी जाऊन विचारा. वॉरंटी कंपनीची असते, डीलरची नाही; कंपनीच्या कुठल्याही अधिकृत दुकानात ती चालायला हवी. पण आपण न विकलेल्या ट्रॅक्टरला बरेच जण मागे ठेवतात, त्यामुळे तोंडओळख असलेली बरी. प्रत्येक सर्व्हिसला पुस्तकावर शिक्का आणि तासांची नोंद, आणि प्रत्येक वेळी जॉब कार्डची प्रत. उद्या दुकान बंद झालं आणि वॉरंटी मागायची वेळ आली तर कंपनी पहिल्यांदा हेच विचारते. पाच वर्षं किंवा पाच हजार तास असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्याच्या खाली बारीक अक्षरात क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी, रबर यांच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या. मामांचा क्लच बहुतेक त्याच बारीक अक्षरांत अडकला असता.

पैसे खात्यावरून द्या, कच्च्या पावतीवर एक रुपयाही नको. नंबर पडून आरसी हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता रोखून धरा. बंद पडायच्या बेतात असलेला डीलर सगळ्यात आधी पासिंगचे पैसे वापरतो, आणि मग दोन-दोन वर्षं बिननंबरचा ट्रॅक्टर घेऊन फिरणारे शेतकरी मी पाहिलेत. वादच झाला तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावलाच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठंही असो. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही घ्या.

आणि राहिला तुमचा जुना ट्रॅक्टर. पत्रात लिहिलं नाहीत, पण तो तुम्ही एक्स्चेंजमध्ये देणार असाल. दोन्ही दुकानांत तुमच्याकडून मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतल्या जातील. डीलर तो ट्रॅक्टर दलालाला देईल, दलाल सातपुड्याच्या पायथ्याला कुणाला तरी, आणि कागदावर मालक तुम्हीच. त्यानं ट्रॉली भरून कुणाला उडवलं तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच जबाबदार. घेणाऱ्याचं नाव फॉर्मवर लिहिल्याशिवाय सही करू नका. ट्रॅक्टर दिल्याची तारीख आणि वेळ डीलरच्या लेटरहेडवर घ्या, आणि नाव बदलल्याचं मोबाइलवर दिसेपर्यंत त्या जुन्याचा विमा तुमच्या पैशानं चालू ठेवा.